बेवारस देह आणि दिलेला देह

(येलदरी येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते 2023 साली. मराठवाड्यातील पहिले महाविद्यालय औरंगाबादला 1956 मध्ये निघाले होते. म्हणजे या जिल्ह्याला त्यानंतर 67 वर्षे थांबावे लागले. अनुशेषाच्या चर्चेत खाटा, इमारती, रिक्त जागा यांची मोजदाद होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकण्यासाठी मृतदेह कोठून येणार, हे मात्र कोणी विचारीत नाही.

पुस्तकातील चित्रात रोहिणी तांबडी, नीला निळी आणि मज्जातंतू पिवळा असतो. फॉर्मालिन भरलेल्या देहात सारेच करड्या रंगाचे दिसते. बोटांनी चाचपून, चिमट्याने पदर सोडवीत, कोणता धागा कोठून निघाला हे विद्यार्थ्याला शोधावे लागते. शिवाय प्रत्येक देहाची घडण थोडी निराळी असते. एखादी रोहिणी पुस्तकात सांगितलेल्या जागी नसतेच. हा धडा विच्छेदनाच्या टेबलावर मिळाला नाही, तर तो पुढे जिवंत रुग्णावर गिरवला जातो. आणि असा रुग्ण बहुधा सरकारी दवाखान्यातला गरीबच असतो.

हे ज्ञान ज्यांच्या देहांतून आले, त्यांचा इतिहास सुखद नाही. एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी 1828 पर्यंत सोळा माणसे मारून त्यांची प्रेते शरीरशास्त्राच्या अध्यापकाला विकली. बाजारात मागणी होती, पुरवठा अपुरा होता आणि भाव चढा होता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. ब्रिटिश संसदेने 1832 मध्ये कायदा केला आणि अनाथाश्रम-दरिद्रालयांतील बेवारस प्रेते महाविद्यालयांना मिळू लागली. प्रेतचोरी थांबली, पण त्याची किंमत दरिद्री माणसाच्या देहाने चुकती झाली. मुंबई प्रांताचा 1949 चा अ‍ॅनॅटमी कायदाही बेवारस प्रेतांच्याच पायावर उभा राहिला.

बेवारस म्हणजे कोण? ऊसतोडीला, बांधकामावर गेलेला, ज्याच्या घरी निरोपच पोहोचला नाही असा माणूसही त्यात असतो. त्याची संमती कोणी विचारलेली नसते. धरणासाठी ज्यांची गावे उठली, त्या पूर्णाकाठच्या लोकांना न विचारता घेणे आणि मागून घेणे यांतला फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून देहदानाचा प्रश्न दयाबुद्धीचा नाही, समतेचा आहे. ज्योती बसूंचा देह जानेवारी 2010 मध्ये कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला. पुढच्याच महिन्यात नानाजी देशमुख गेले. ते जुन्या परभणी जिल्ह्यातल्या, आज हिंगोलीत असलेल्या कडोळीचे. जनसंघाशी समाजवाद्यांचे मतभेद जगजाहीर आहेत आणि ते सौम्य करण्याचे कारण नाही. तरी 1974-75 च्या लढ्यात जयप्रकाशांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या या माणसाने 1997 मध्येच देहदानाचा संकल्प लिहून ठेवला होता. चित्रकूटहून त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला नेण्यात आला.

नेत्याच्या देहासाठी वाहन मिळते. येलदरीच्या शेतमजुराचे काय? मृत्यूनंतर काही तासांत देह पोहोचला पाहिजे. रात्री मृत्यूचा दाखला कोण लिहिणार, जिंतूरमार्गे परभणीपर्यंत गाडीचे भाडे कोण भरणार? हा खर्च शासनाने उचलावा, ही मागणी पक्षाने धरली पाहिजे. ती धरली नाही, तर देहदान शहरी मध्यमवर्गापुरतेच राहील आणि टेबलावर न विचारलेला गरीबच येत राहील.

एक व्यावहारिक गोष्ट. उत्तरीय तपासणी झालेला किंवा काही संसर्गजन्य रोगांनी मृत्यू आलेला देह सहसा स्वीकारला जात नाही. आणि अर्ज भरला म्हणजे काम झाले असे नाही. ऐनवेळी थोरल्या मुलाने किंवा भावकीने नाही म्हटले, तर तो कागद पेटीतच राहतो. तेव्हा कार्यकर्त्याने अर्ज आणण्यापूर्वी हा विषय स्वतःच्या घरी, ओसरीवर, सर्वांदेखत काढावा.