उसनं निशाण

(किनवटला तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडी काटछाट केलीय.)



मी भाषण करायला आलो नव्हतो. वंशावळीच्या पुस्तकाची प्रुफं बघायला तुम्ही बोलावलं होतं. चहा झाला आणि पोरांनी कव्हर पुढं ठेवलं. ढाल. ढालीवर दोन तलवारी. दोन्ही अंगांना मागच्या पायांवर उभे सिंह. खाली फीत, फितीवर आडनाव : गायकवाड. विचारलं, हे कुठून आणलं? पोरगं म्हणालं, "दादा, आपल्याच आडनावाचं हाय. पैसे भरले की डिझाईन येतं."

मी गप बसलो. राग यावा तर येईना. ज्याच्या बापजाद्यांना गावानं नावं ठेवली ती धोंड्या, दगड्या, कचऱ्या, त्याच्या नातवाला ढाल हवीशी वाटली तर त्यात त्याचं काय चुकलं? तरी कव्हर चुकलंय. कसं ते सांगतो. पटलं नाही तर उठून बोला.

ही ढालीची भानगड विलायती. इंग्लंडात 1484 पासून तिचं कॉलेज ऑफ आर्म्स नावाचं एक दफ्तरच आहे. त्यांचा कायदा साधा आहे : निशाण माणसाला मिळतं, आडनावाला नाही. ज्याला दिलं त्याचं, आणि त्याच्या रक्ताच्या वारसांचं. दुसरा कुणी स्मिथ उठून पहिल्या स्मिथची ढाल दाराला लावील तर तो तिथंही तोतयाच. म्हणजे ज्यांनी हा खेळ काढला त्यांच्याच नियमानं तुमचं कव्हर खोटं आहे.

आणि आपल्या इकडच्या राजांकडं तरी ही ढाल कधी आली? 1 जानेवारी 1877. दिल्लीला लॉर्ड लिटनचा दरबार भरला, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली. त्या दरबारात संस्थानिकांना रेशमी निशाणं वाटली. त्यावरच्या ढाली रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या एका साहेब अंमलदारानं विलायती पद्धतीनं चितारल्या होत्या. बडोद्याच्या गायकवाडांना मिळालं, हैदराबादच्या निजामाला मिळालं. मांडलिकाच्या हाती मालकानं निशाण दिलं आणि मांडलिकानं ते कुळाची इज्जत म्हणून मिरवलं! ती इज्जत आपण आता तिसऱ्या हातानं उसनी घ्यायची?

त्याच बडोद्याची पुढची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. सयाजीरावांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली, ते ऋण कुणी नाकारत नाही. पण 1917 साली अमेरिका-विलायत करून बाबासाहेब त्या संस्थानाच्या नोकरीत गेले, तेव्हा अख्ख्या बडोद्यात त्यांना खोली मिळाली नाही. पारशी म्हणून नाव लिहून धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली. त्यांनी बाहेर काढलं, आणि बाबासाहेब बागेत जाऊन बसले. राजवाड्यावर ढाल होती की! तिच्याखाली आपल्या बापाला पथारी टाकायला जागा नव्हती.

कुणी म्हणेल, विलायती नको तर देशी घेऊ. शहाण्णव कुळींच्या याद्या छापून मिळतात. वंश, गोत्र, देवक, निशाण, घोड्याचा रंगसुद्धा! एक यादी दुसरीशी जुळत नाही. जाधव, मोरे, पवार, शिंदे, गायकवाड ही आडनावं वाड्यातही आहेत आणि वस्तीतही. म्हणून वस्तीतल्या पोरानं वाड्यातला घोडा आपल्या दारात बांधायचा? आणि बांधलाच, तर ज्या उतरंडीनं आपल्याला तळाशी दाबलं, तिच्यात एक पायरी वर सरकवा असा अर्जच तो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला आपल्या लोकांनी ती उतरंडच नाकारली. दोन-अडीच आठवड्यांनी, 1 नोव्हेंबरला, हे किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेडात आलं. त्या एका हंगामात आपल्या म्हाताऱ्यांचा जिल्हाही बदलला आणि धर्मही.

त्याच्या आधी इथं निजामाचं राज्य. त्याचं पिवळं निशाण, मधे पांढरा गोल. तो गोल म्हणजे कुलचा, भाकरीच म्हणा. सांगतात असं, की पहिल्या निजामाला औरंगाबादच्या निजामुद्दीन अवलियानं कुलचे खायला दिले. त्यानं सात खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य. खरंखोटं अवलियाला ठाऊक. पण बघा, राजाला कुणी भाकरी वाढली तर ती निशाणावर चढते. आपला आज्जा वेसकराची पाळी करून, दारोदार फिरून बलुत्याची भाकरी गोळा करायचा, आणि ती भाकरी आपण अजून लपवतो. परवा प्रुफात मी वाचलं : "पूर्वज दरबारी सेवेत होते." कुठला दरबार? तराळकी म्हणा ना! मैलोगणती सरकारी टपाल डोक्यावर नेलं, मेलेली ढोरं ओढली, गावाची राखण केली, हे लिहा. ढाल छापली की पहिल्यांदा हे पुसलं जातं. माझी खरी तक्रार ती आहे.

आता निशाण्यांचं. आपल्या माणसांना निशाणी नव्हती असं नाही. जुने महजर, निवाडे बघा. लिहिता न येणाऱ्याच्या नावाशी त्याच्या कामाची खूण असायची : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, ज्याचं त्याचं हत्यार. शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष लागायची, कारण गावाची शीव त्यालाच ठाऊक. ज्याला शिवायचं नाही, त्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची! असा एखादा कागद हाती लागला तर त्याचा फोटो छापा, साल घाला, गाव घाला. तो पुरावा आहे. पुढं इंग्रजी-निजामी कचेऱ्यांत अंगठा आला. आज्ज्याचा अंगठा मिळाला तर कव्हरवर तोच टाका, माझी ना नाही.

आणि वंशावळ काय आपण हौसेनं शोधतो? जातीच्या दाखल्याला, व्हॅलिडिटीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. शाळेचा निर्गम उतारा, वंशावळीचं शपथपत्र. जुना कागद उर्दूत, तो वाचायला कुणातरी चाचांच्या पाया पडायचं. बापानं दीक्षा घेऊन जात सोडली, आणि पोराला कॉलेजात जायला आज्ज्याची जात शोधून आणावी लागते. त्या दाखल्यावर शिक्का उठतो तो सारनाथच्या सिंहांचा. अशोकाचे सिंह, आणि खाली लिहिलेलं असतं महार. आपल्या वंशावळीवरचं सरकारमान्य निशाण हे एवढंच! त्यावर वेगळं भाषण करावं लागेल.

मघाशी मागून कुणीतरी म्हणालं, मग कोरेगावचा स्तंभ टाकू. भावना कळते. 1941 ला महार रेजिमेंट झाली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर तोच स्तंभ होता, पुढं त्याच्या जागी कट्यार आली. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथं गेले होते. माझंही मस्तक तिथं झुकतं. पण वंशावळ शोधणाऱ्यानं त्या दगडाचं चित्र काढण्याआधी त्यावरची नावं वाचावीत. 49 नावं, त्यातली 22 महारांची म्हणून मोजतात, ती कशावरून? नावाच्या शेवटी लागलेल्या 'नाक' वरून. तो 'नाक' आपण लाजून टाकून दिला. प्रुफात एकाही पूर्वजाच्या नावाला तो नाही. जुन्या कागदात आज्ज्याचा बाप सापडत नाही त्याचं एक कारण हेही असेल, आपण त्याला चुकीच्या नावानं हाका मारतोय.

आणखी एक. ही ढाल बापाकडून लेकाकडं जाते. तुमचं पुस्तकही तसंच झालंय. सात पिढ्या लिहिल्यात, एक बाई नाही. सात पिढ्या काय बाप्यांनीच बाळंतपणं केली? माझ्या आज्जीच्या हातावर गोंदण होतं. कोपरापासून मनगटापर्यंत. कुणी काढलं, कुठल्या जत्रेत, त्या ठिपक्यांचा अर्थ काय, मी कधी विचारलं नाही. ती गेली तेव्हा तिच्याबरोबर तेही गेलं. आमच्या घरातली कुणी न दिलेली, स्वतःच्या कातडीवर घेतलेली निशाणी तेवढीच होती, आणि माझ्याकडं तिचा फोटोसुद्धा नाही.

तुमच्यातल्या किती जणांच्या आज्ज्या अजून हयात आहेत? हात वर करा... पाच, सहा. मग छापखान्याला कळवा, पुस्तक महिनाभर थांबेल. मी वही आखून आणलीय. पहिला रकाना आज्जीचं नाव, दुसरा तिचं माहेर, तिसरा तिच्या आईचं नाव. त्या गायकवाडाच्या पोरापासूनच सुरू करू. सांग रे बाबा, तुझ्या आज्जीचं माहेर कुठलं?