कांदा, १९४८ साल आणि माझं मत

(मंडळाच्या उन्हाळी स्नेहमेळाव्यात हायडेलबर्ग येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. संपादकांच्या आग्रहावरून थोडा नीट केला आहे, पण बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)



कार्यकारिणीने मला वीस मिनिटं दिली आणि विषय "तुला हवा तो" असं सांगितलं. कॉम्प्युटर इंजिनिअरला असं सांगितलं की तो साधारणपणे क्लाऊड किंवा एआयवर बोलतो. ते तुम्ही रोज ऑफिसात ऐकताच. मी आज राजकारणावर बोलणार आहे. जेवण अजून लागलेलं नाही, त्यामुळे कोणी उठून जाईल अशी भीती नाही.

मी लिबर्टेरियन आहे. मराठीत याला धड शब्द नाही. "स्वातंत्र्यवादी" म्हटलं तर लोकांना टिळक-सावरकर आठवतात. "उदारमतवादी" म्हटलं तर गोखले आठवतात, आणि उसने पैसे मागायला लोक येतात! माझं म्हणणं साधं आहे. दोन शहाण्या माणसांनी आपखुशीने केलेल्या व्यवहारात सरकारने कमीत कमी पडावं. चोर पकडावेत, करार मोडणाऱ्याला कोर्टात उभं करावं, सीमा राखाव्यात, आणि बाकी लोकांवर सोडावं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, कांद्यातून शिकलो. माझे मामा निफाड तालुक्यात शेती करतात. कांद्याचं गणित तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगतो. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. भाव नसेल तर शेतकरी थांबू शकतो. खरिपाचा लाल कांदा मात्र टिकत नाही. तो काढला की बाजारात न्यावाच लागतो. आता बघा, ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. त्यानेही भाव उतरेनात म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली, म्हणजे नेमका लाल कांदा बाजारात यायच्या वेळी. पंधरवड्यात भाव जवळपास निम्म्यावर आले. मामांना मी फोनवर विचारलं, "आता काय करणार?" ते म्हणाले, "अरे, काय करणार? पाऊस पडला असता तर पावसाला शिव्या दिल्या असत्या. हे तर दिल्लीत सही करून पाडलंय."

बंदी उठली ४ मे २०२४ ला. नाशिकचं लोकसभेचं मतदान होतं २० मे ला. योगायोग म्हणा हवं तर. तोवर उशीर झाला होता. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या, नाशिकची जागाही गेली. मी इथे लॅपटॉपवर निकाल बघत होतो आणि, खरं सांगतो, टाळ्या वाजवल्या. वाटलं, हीच लोकशाही! सरकारने खिशात हात घातला, लोकांनी हात झटकला.

पण गोष्ट तिथे संपत नाही. सहाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा झाली आणि त्याच नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४ जागा महायुतीला मिळाल्या. मधल्या काळात लाडकी बहीण योजना आली होती. महिन्याला १५०० रुपये थेट खात्यात. माझ्या मामींनाही मिळाले. मी त्यांना नावं ठेवणार नाही. एका हाताने कांद्याचे पैसे गेले, दुसऱ्या हाताने थोडे परत आले, तर कोण नाही म्हणेल? शिवाय मतदान यंत्रावर बटण एकदाच दाबायचं असतं. कांदा, रस्ता, जात, वीजबिल, बहिणीचे दीड हजार आणि उमेदवाराचा स्वभाव, सगळ्याला मिळून एक बटण. सुपरमार्केटमध्ये कोणी सांगितलं की पाच वर्षांची सगळी खरेदी आज एकाच बंद पिशवीत घ्या, तर आपण त्या दुकानात पुन्हा जाऊ का?

आणि सरकार असं का वागतं, तेही कळण्यासारखं आहे. कांदा पिकवणारे लाखांत, खाणारे कोटींत. १९९८ मध्ये दिल्लीत कांदा महागला आणि भाजपचं तिथलं सरकार निवडणुकीत गेलं. तेव्हापासून कुठल्याही पक्षाचं सरकार असो, कांदा चढला की दिल्लीला घाम फुटतो. यात कोणी दुष्ट नाही. मतांचा हिशेबच तसा आहे.

आता जरा आपल्या या गावाकडे येऊ. इथून नेकरच्या पलीकडच्या काठाला, त्सीगेलहॉयझर लांडश्ट्रासेवर, माक्स वेबरचं घर आहे. नोकरशाहीबद्दल जगात सगळ्यात खोल विचार केलेला माणूस आपला शेजारी होता. व्हिसासाठी कागदांची फाईल घेऊन रांगेत बसलो की मला तो हटकून आठवतो. पण मला सांगायचंय ते दुसऱ्या एका शेजाऱ्याबद्दल. थिओडोर हॉइस. युद्धाच्या काळात ते हायडेलबर्गला राहायला आले. १९४५ मध्ये आपल्या राइन-नेकर-त्साइटुंगचा परवाना ज्या तिघांना मिळाला, त्यांतले ते एक. पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पक्ष कोणता? एफडीपी. म्हणजे माझ्यासारख्यांच्या जवळचा. त्याच एफडीपीला फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत ४.३ टक्के मतं मिळाली आणि पाच टक्क्यांच्या अटीमुळे पक्ष संसदेच्या बाहेर गेला. आमचे लोक सगळीकडे असेच हरतात, सवय झाली आहे.

तर १९४८ साल. जर्मनीत रेशन, ठरवून दिलेले भाव, दुकानं रिकामी आणि काळ्या बाजारात सिगारेटचं चलन. २० जून १९४८ ला, रविवारी, नवा मार्क आला. माणशी ४० मार्क. आणि त्याच सुमाराला लुडविग एरहार्ड नावाच्या अधिकाऱ्याने बहुतेक वस्तूंवरचं भावांचं नियंत्रण उठवलं. घरभाडं आणि मुख्य अन्नधान्य तेवढं ठेवलं. सोमवारी सकाळी दुकानांच्या काचेमागे माल दिसायला लागला. तो रात्रीत तयार झाला नव्हता, तो आधीपासून होताच. खोट्या भावाला आणि कागदी पैशाला कोणी विकत नव्हतं, एवढंच. मार्शल प्लॅनची मदत होती, कष्टाळू लोक होते, सगळं मान्य. पण ते लोक शनिवारीही कष्टाळूच होते.

त्याच काळात आपल्याकडे काय झालं? गांधीजींनी १९४७ च्या अखेरीस प्रार्थनासभांमधून कंट्रोल उठवा असा धोशा लावला होता. सरकारने डिसेंबर १९४७ पासून धान्यावरचं नियंत्रण सैल केलं. भाव वाढले, ओरड झाली, आणि १९४८ च्या सप्टेंबरात ते पुन्हा लावलं. इकडेही भाव वाढले बरं का. १२ नोव्हेंबर १९४८ ला जवळपास ९० लाख कामगारांनी एका दिवसाचा संप केला. एरहार्ड मागे हटला नाही. आपण हटलो. १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा आला, तो आजही मामांच्या चाळीवर बसलेला आहे.

ही गोष्ट मी नेहमी अभिमानाने सांगतो, पण तिच्यात एक काटा आहे. एरहार्डला तेव्हा मतदारांनी थेट निवडून दिलेलं नव्हतं. देश दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होता, मतदारांना कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर बहुधा नाही म्हणाले असते. मतदारांचा कौल आला १४ ऑगस्ट १९४९ ला, आणि त्यानंतर आडेनाउअर चॅन्सेलर झाले ते संसदेत ४०२ पैकी २०२ मतांनी. लागणारी बहुमताची संख्या होती २०२. म्हणजे एक मत कमी पडतं तर त्या दिवशी झाले नसते. आपल्याकडेही १९९१ मध्ये नरसिंह राव आणि मनमोहन सिंगांनी लायसन्स राज मोडलं ते परकीय चलन संपत आल्यामुळे. त्या निवडणुकीत त्यासाठी कोणी मत मागितल्याचं मला तरी ठाऊक नाही. मी १९८८ चा. फोनसाठी वर्षानुवर्षं थांबणं मी फक्त बाबांकडून ऐकलं. पण त्या सुधारणा झाल्या नसत्या तर आज या हॉलमधले निम्मे लोक इथे नसते.

शरद जोशींचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. बर्नला, इथून एका सकाळीत पोचता येईल अशा गावी, त्यांची जागतिक टपाल संघटनेत उत्तम नोकरी होती. १९७७ मध्ये ती सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला गेले. मुलाबाळांसकट परदेशातून परत जाणं म्हणजे काय, ते आपल्याला कळतं. शेतमालाला भाव मिळत नाही, कारण सरकार तो मिळू देत नाही, हे त्यांनी हिशेब मांडून सांगितलं. त्यांना सबसिडी नको होती, मोकळीक हवी होती. सभांना लाखांनी माणसं यायची, मतं मात्र तशी आली नाहीत. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. गंमत बघा, १९८८ सालच्या दुरुस्तीपासून आपल्या देशात पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे माझ्या मताचा पक्ष काढायचा तर पहिल्याच कागदावर खोटं लिहायचं. राज्यसभेत असताना जोशींनी ही अट काढण्यासाठी खासगी विधेयक आणलं. अट अजून आहे.

इथे आपल्या मंडळातले एक काका मला दरवेळी अडवतात. म्हणतात, "तू सरकारी कॉलेजात नाममात्र फीवर शिकलास, इथे मुलीचा जन्म हॉस्पिटलात झाला तेव्हा बिल विम्याने भरलं, आणि आम्हाला सांगतोस सरकार नको?" काका, प्रश्न रास्त आहे. माझी फी ज्यांनी भरली त्यांत कांदावालेही होते, म्हणून तर त्यांच्या बाजूने बोलायला मी बांधील आहे. आणि जर्मनीत सरकार देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास निम्मा खर्च करतं, हे मला पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला दिसतं. तरी इथे एका गोष्टीची मी कदर करतो. उद्या सकाळी उठून कोणी माझ्या धंद्याची निर्यात बंद करणार नाही. कर जास्त आहे, पण तो आधी सांगून घेतात. रविवारी दुकानं बंद, याचाही मला पहिली दोन वर्षं संताप यायचा. अजून कायदा पटत नाही, पण रविवारी नेकरकाठी मुलीला सायकल शिकवताना संताप येत नाही, हेही सांगून टाकतो.

आता खरा मुद्दा. २७ जून २०२४ पासून इथे पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येतं, आणि जर्मनीला दुसऱ्या पासपोर्टची हरकत राहिलेली नाही. हरकत भारताची आहे. जर्मन झालो की भारतीय पासपोर्ट गेला, मत गेलं. ओसीआय कार्डावर मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मामांना मुलगा नाही. ते मागे सहज म्हणाले, "तुझ्या नावावर थोडी करून ठेवू का?" तेव्हापासून मी मृत्युपत्र, वारसा, सातबारा असलं काहीबाही वाचतोय. दुसरीकडे, आज मी निफाडला मत देऊ शकतो, पण त्यासाठी विमानाने जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. इथे कर भरतो, पण महापालिकेलाही मत नाही. माझा पोलिश सहकारी गेल्या वर्षी इथे आला आणि महापालिकेला मत देऊ शकतो.

बायको म्हणते, "तुझा निवडणुकीवर विश्वास नाही ना, मग एका मतासाठी इतका जीव का टाकतोस?" माझा विश्वास नाही असं नाही. निवडणुकीने शहाणं सरकार येतं यावर माझा विश्वास नाही. पण जे आहे त्याला घरी पाठवता येतं, आणि दिंडोरीत ते झालेलं मी पाहिलंय. तो हक्क माझ्याजवळ कुठेतरी असावा. कुठे, निफाडला की हायडेलबर्गला, ते ठरलेलं नाही. फॉर्म भरून ठेवला आहे, सही केलेली नाही. इथे बसलेल्यांपैकी पाच-सहा जणांनी गेल्या वर्षभरात सही केली आहे, हे मला माहीत आहे. त्यांनी जेवताना माझ्या टेबलावर यावं. मला विचारायचंय की जमिनीचं तुम्ही काय केलंत.