नर्सिंगची सीईटी: राहिलेले चाळीस गुण
(सातारा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



उन्हाळा आला की सातारा-सांगलीकडच्या घरांत एक वाक्य हमखास कानावर येते: "नीटला नंबर लागला तर ठीक, नाहीतर नर्सिंग बघू." आज मला या 'नाहीतर'शी भांडायचे आहे. कारण नर्सिंगकडे असे बघणारी मुले नर्सिंगच्या परीक्षेतही मागे पडतात.

आधी परीक्षा समजून घेऊ. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्ष स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेतो. प्रश्न 100, गुण 100, वेळ 90 मिनिटे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, प्रत्येकाला 20 गुण. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. एका प्रश्नाला 54 सेकंद मिळतात. घड्याळ लावून सराव केल्याशिवाय हा वेग येत नाही.

आता हिशेब बघा. नीटचा अभ्यास केलेल्याची विज्ञानाच्या 60 गुणांची तयारी असते. इंग्रजी आणि कल यांचे 40 गुण मात्र परीक्षेच्या आदल्या रात्रीवर सोडलेले असतात.

इंग्रजीला आपली मुले बिचकतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम असले की हे व्हायचेच. त्यावर उपाय साधा आहे: जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे एक पान रोज मोठ्याने वाचावे आणि त्यातले चार मुद्दे आपल्या इंग्रजीत लिहावेत. त्यात दोन्ही विषय होतात.

परीक्षेत गणित हा विषय नसला, तरी गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनीही सावध राहावे. 500 मिलीलिटर सलाईन 4 तासांत द्यायचे आहे आणि सेटचे 15 थेंब म्हणजे 1 मिलीलिटर. मग मिनिटाला किती थेंब सोडाल? साधारण 31. हा हिशेब वॉर्डात उभ्याउभ्या करावा लागतो, आणि तो चुकला तर भोगतो खाटेवरचा माणूस.

राहिला कल. तो गाईड पाठ करून येत नाही. ओळखीच्या सिस्टरला गाठा. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात काम करणारी कोणीतरी तुमच्या गावची, भावकीतली निघेलच. रात्रपाळी कशी जाते, चिडलेल्या नातेवाइकांना ती कशी सांभाळते, हे तिला विचारा. ऐकून मन मागे सरले तर तेही आत्ताच कळलेले बरे.

या कामाला कमी लेखण्याचा अधिकार आपल्या मातीला तर नाहीच. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात 1831 साली जन्मलेल्या सावित्रीबाई फुले 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. रमाबाई रानडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या. परक्याच्या मलमूत्राला हात लावणे पांढरपेशा घरांत विटाळ मानले जाई, त्या काळात त्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली मिशनचे रुग्णालय सुरू केले आणि पुढे ते गाव दवाखान्यांचे गाव म्हणून नावारूपाला आले. त्या लौकिकात डॉक्टरांइतकाच वाटा सिस्टरांचा आहे.

बी.एस्सी. चार वर्षांची. कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलांना तीन वर्षांच्या जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेची वाट आहे. बारावीला इंग्रजी मात्र हवे. मुलग्यांनीही संकोच करू नये.

पालकांना दोन विनंत्या. फी भरण्याआधी महाविद्यालयाला नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का, ते स्वतः तपासा. एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. आणि मुलगी नर्सिंगला जायचे म्हणाली, तर "डॉक्टर का नाही?" हा प्रश्न तिला विचारू नका. उद्या आपल्या उशाशी रात्रभर जागणारे माणूस हुशार आणि मनापासून आलेले असावे, असे वाटत असेल, तर आपल्या घरातल्या हुशार मुलीला आज या वाटेने आनंदाने जाऊ द्या.