पंपही हवा, प्राणायामही

होटगीसारख्या गावात श्वासाला तीन नावे आहेत. शाळेच्या पुस्तकात तो श्वास असतो, कन्नड बोलणाऱ्या घरात उसिरु, आणि आमच्यासारख्यांच्या दखनी घरात दम. सोलापूरहून आलेली रेल्वे इथून एकीकडे वाडीला आणि दुसरीकडे विजापूर-गदगला जाते, त्यामुळे तिन्ही भाषा इथे एकाच बाकावर बसलेल्या असतात. यातला दम फारसीतून आला आणि मराठीत असा मुरला, की आपण दम खातो, दम देतो, दम धरतो. दमा हाही त्याच कुळातला. संस्कृतातही एक दम आहे, शम-दम यातला. त्याचा अर्थ आवर. एक दम म्हणजे श्वास, दुसरा म्हणजे आवर. श्वासाला आवर घालता येतो का, आणि घातला तर दम्याच्या रुग्णाला त्याचा किती उपयोग होतो, एवढाच आजचा विषय आहे.

सोलापूर परिसरात हा विषय पुस्तकी नाही. इथे हजारो बायका विड्या वळतात, त्यांच्या नाकात तंबाखूची धूळ जाते. यंत्रमागावर सुताचे तंतू उडतात. खेड्यात अजून कुठे कुठे चूल पेटते. आयुष्यात विडी ओढली नाही, पण चुलीपुढे तीस वर्षे बसली, अशा बाईलाही फुप्फुसाचा कायमचा आजार जडू शकतो. अशा माणसाला कोणी सांगते, ‘प्राणायाम कर, औषध सुटेल’. दुसरा सांगतो, ‘प्राणायाम म्हणजे थोतांड, औषध घे आणि गप्प बैस’. दोघेही ठामपणे बोलतात. रुग्ण मध्ये सापडतो.

आमच्या ओळखीतल्या विड्या वळणाऱ्या एक खाला अशाच सापडल्या. एका शिबिरात त्यांनी ऐकले की, पंपाची सवय लागते, श्वासाचे व्यायाम केले की तो फेकून देता येतो. त्यांनी पंप खरोखरच बंद केला. पहिले काही दिवस बरेही वाटले. मग थंडीतल्या एका रात्री त्यांना दोन शब्द सलग बोलता येईनात, आणि रिक्षात घालून दवाखान्यात न्यावे लागले. त्या वाचल्या. पण या प्रसंगात प्राणायामाचा दोष नव्हता. पंप सोडायला लावणाऱ्या सल्ल्याचा दोष होता. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला आपण शिकले पाहिजे.

त्या वेगळ्या ठेवण्याचे काम शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने सुरू केले होते. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे नाव. पुढे ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. जन्म १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. बडोद्याला जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांकडे त्यांनी शरीर घडवले आणि नर्मदाकाठच्या माधवदास महाराजांकडून योग घेतला. गुरूने सांगितले ते खरेच असणार, यावर दुसरा एखादा थांबला असता. गुणे थांबले नाहीत. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांखाली पाहिले. नौलीच्या वेळी आतड्यात हवेचा दाब उतरतो, हे दाबमापकाने मोजले, आणि त्या निर्वाताला गुरूचे नाव दिले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. पुढे मुंबईत मरीन ड्राइव्हवर संस्थेचे आरोग्यकेंद्र आले, लोणावळ्यात योगोपचारांचे रुग्णालय आले. १९६६ मध्ये स्वामीजी गेले, संस्था आजही काम करते.

मला त्यांची एक गोष्ट फार मोलाची वाटते. प्राणायामाने शरीराला खूप जास्त ऑक्सिजन मिळतो, हे तेव्हाही लोक म्हणत आणि आजही म्हणतात. कुवलयानंदांनी श्वासातले वायू मोजले आणि हा समज टिकत नाही, हे स्वतःच सांगितले. प्राणायामाचे खरे मोल त्यांना मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात दिसले. आपल्याच विद्येबद्दलचा लाडका समज मोजून बाजूला ठेवायला धैर्य लागते.

आता थोडा हिशेब करू, अवघड नाही. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन बोटावरच्या यंत्रात साधारण ९५ ते ९९ टक्के दिसतो. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, हे यंत्र घरोघरी पोचले, त्यामुळे आकडा सर्वांच्या ओळखीचा आहे. भांडे जवळजवळ भरलेलेच असेल तर त्यात आणखी किती ओतणार? मग संथ श्वासाने साधते काय? आपण एका श्वासात सुमारे अर्धा लिटर, म्हणजे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनळ्या यांच्या वाटेतच राहते, कामाला येत नाही. मिनिटाला १२ श्वास घेतले तर एकूण ६ लिटर हवा आत आली आणि कामाची ठरली ४.२ लिटर. घाबरलेला माणूस मिनिटाला २४ उथळ श्वास घेतो. प्रत्येक श्वास २५० मिलिलिटरचा धरला तर हवा तेवढीच, ६ लिटर, पण कामाची फक्त २.४ लिटर. धाप जास्त, कमाई कमी. बाजारात दिवसभर फिरून रिकाम्या पिशवीने घरी यावे, तशी गत.

दम्यात आणखी एक अडचण असते. नळ्या आतून सुजतात, त्यांचे स्नायू आवळतात, आणि हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे कठीण होते. जुनी हवा आत साठून राहते, वर नवी घ्यायची घाई. म्हणून श्वास सोडण्याला वेळ देणे महत्त्वाचे. योगात ज्याला दीर्घ रेचक म्हणतात, त्याच्या जवळचेच तंत्र आज फुप्फुसाच्या जुनाट आजारात फिजिओथेरपिस्ट शिकवतात. नाकाने श्वास घ्यायचा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ आवळून सावकाश सोडायचा. छाती न उचलता पोट हलू द्यायचे. शब्द वेगळे, रीत बरीचशी एक.

याची परीक्षा झाली आहे का? झाली आहे. १९८५ मध्ये बंगळूरच्या डॉ. नागरत्ना आणि डॉ. नागेंद्र यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आपला अभ्यास छापला. दम्याच्या ५३ रुग्णांना आसने, प्राणायाम आणि ध्यान शिकवले आणि तशाच दुसऱ्या ५३ जणांशी त्यांची तुलना केली. योग करणाऱ्यांचे झटके कमी झाले, औषध कमी लागले. पण कोणी म्हणेल, शिबिराला जाण्यानेच माणसाला बरे वाटते. म्हणून १९९० मधला इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा प्रयोग महत्त्वाचा आहे. तिथे सौम्य दमा असलेल्या १८ जणांना एक उपकरण दिले. त्यातून श्वास संथ होई आणि घेण्याच्या दुप्पट वेळ सोडायला लागे, म्हणजे प्राणायामातले एकास दोन हे प्रमाण. उपकरणाचे नाव ‘पिंक सिटी’, म्हणजे आपले जयपूर. दुसऱ्या वेळी हुबेहूब तसेच दिसणारे, पण श्वासावर काहीच बंधन न घालणारे उपकरण दिले. फुप्फुसाच्या नेहमीच्या मापांत ठळक फरक पडला नाही. मात्र खऱ्या उपकरणानंतर श्वासनळ्यांचा चिडखोरपणा कमी झालेला दिसला. पुढे २०१६ मध्ये जगभरचे १५ प्रयोग, मिळून १०४८ रुग्ण, एकत्र तपासले गेले. निष्कर्ष असा की, योगाने दम्याच्या रुग्णाचे रोजचे जगणे आणि त्रास यांत थोडी सुधारणा होण्याची शक्यता आहे.

‘थोडी’ हा शब्द नीट ऐका. दमेकऱ्याला थोडी सुधारणा म्हणजे जिना न थांबता चढणे, रात्रीची झोप न मोडणे. ते लहान नाही. पण थोडी म्हणजे पूर्ण बरा होणे नव्हे. सूज उतरवणारे औषध पंपातूनच जाते. त्याची व्यसनासारखी सवय लागत नाही. गोळीपेक्षा अगदी कमी मात्रेत ते थेट फुप्फुसात पोचते. पंप सूज आवरतो, संथ श्वास घाबरगुंडी आवरतो.

आमच्या मोहल्ल्यात आणखी एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो: हे आपल्याला चालते का? यावर माझे उत्तर इतिहासातले आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे मराठी संतकवी, त्यांच्या ग्रंथाचे नावच ‘योगसंग्राम’. सोळाव्या शतकात ग्वाल्हेरच्या शत्तारी सूफी मुहम्मद गौस यांनी योगावरचा ग्रंथ फारसीत आणला, ‘बहर-उल-हयात’, जीवनाचा सागर. सूफींच्या साधनेत श्वासावर पहारा ठेवण्याला ‘पास-ए-अन्फास’ असे नावच आहे. आणि २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगली चालली. फुप्फुस जात विचारत नाही. ज्याला जे नाम जवळचे, त्याने ते घ्यावे. ज्याला कोणतेच नको, त्याने आकडे मोजावेत.

मग करायचे काय? प्राणायाम औषधासारखाच लिहून दिला जावा, अशी माझी डॉक्टरांना विनंती आहे. कोणता, किती मिनिटे, दिवसातून किती वेळा, आणि कोणता करायचा नाही. भस्त्रिका आणि कपालभाती हे जोराचे प्रकार, आणि श्वास कोंडून धरणारा कुंभक, हे वाढलेला रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असताना स्वतःच्या मनाने करू नयेत. दम्याचा झटका आलेला असताना तर नाहीच. सरकारच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगसत्रांची तरतूद आहे. त्या सत्राच्या वेळीच फुंकर मोजणारे साधे यंत्र ठेवावे, रुग्ण पंप नीट ओढतो का ते पाहावे, आणि दोन्हींची नोंद एकाच वहीत व्हावी. विडी कामगार बायकांसाठी सत्राची वेळ त्यांच्या कामाच्या हिशेबाने ठरवावी. कुवलयानंदांनी मोजण्याची जी शिस्त घातली, ती लोणावळ्याहून आपल्या तालुक्यापर्यंत यायला एवढे पुरेसे आहे.

आणि रुग्णाने स्वतः लक्षात ठेवावे. बरे वाटले तरी पंपाची मात्रा कमी करायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. तात्काळ आराम देणारा पंप हाताशी ठेवावा. एक वाक्य एका दमात पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर प्राणायाम करत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा. बाकीच्या दिवशी, पंप घेऊन झाल्यावर, ताठ बसून दहा मिनिटे श्वास सावकाश सोडत राहावे.