वकिलाच्या फर्मचा मालक कोण?
मुंबईत तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून माहुलला धाडलेले रहिवासी तिथल्या प्रदूषणामुळे उच्च न्यायालयात गेले. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना भाड्यापोटी दरमहा १५,००० रुपये मिळावेत असा आदेश दिला. समजा, त्यांच्या वकिलाच्या फर्ममध्ये माहुलशेजारच्या तेलकंपनीचाच पैसा असता तर? आपल्याकडे बार कौन्सिलचा नियम आहे: वकिलाने बिगरवकिलाला फीत वाटेकरी करायचं नाही. इंग्लंडने २००७ च्या कायद्याने बिगरवकिलांना फर्मची मालकी घ्यायची मुभा दिली. पण अशा फर्ममध्ये नियमपालनाची जबाबदारी घेणारा वकील लागतोच, तोही नियामकाने मंजूर केलेला. आपल्या फर्मना असा पहारेकरी सक्तीचा नाही, हे मला खटकतं. महाराष्ट्रात वकिलाने गैरवर्तन केलंच, तर मागाहून तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायची. वर्षभरात निकाल लागला नाही, तर १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार प्रकरण दिल्लीला, भारतीय बार कौन्सिलकडे जातं.