कागद कुठे थांबतो?

जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, आणि अशा परिषदांना ज्यांना सहसा कुणी बोलावत नाही ते कनिष्ठ आणि वरिष्ठ सहायक बंधुभगिनींनो,

अहिल्यानगरात आपलं मनापासून स्वागत. माझ्या तोंडी अजून नगरच येतं. आयुष्यभराची सवय आहे, सांभाळून घ्या.

स्वागताध्यक्षानं गावाचं कौतुक करायचं असतं. इथल्या मिस सिंथिया फॅरार यांच्याकडे सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले, हे शिक्षकांसमोर सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पण प्रक्रिया सुधारणेच्या आजच्या विषयाला धरून मी कौतुक करणार आहे ते एका कचेरीचं. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना इथे जिल्हाधिकारी होते. कॉम्प्युटर तेव्हा कारकुनाच्या टेबलापर्यंत पोचलेला नव्हता. लखिनांनी आहे त्याच कचेरीतली बसायची रचना बदलली, अभिलेखांची वर्गवारी लावली, कामाच्या पद्धती सोप्या केल्या. पुढे ‘लखिना पॅटर्न’ या नावानं ते काम राज्यभर गेलं. प्रक्रिया सुधारणा म्हणजे काय, हे शिकायला जपानच्या मोटारींच्या कारखान्यात जाणाऱ्यांनी जरूर जावं. वाटेत नगरला उतरावं.

दप्तराची सहा गठ्ठ्यांची पद्धत इथे बसलेल्या सहायकांना तोंडपाठ असेल. त्यातला एक गठ्ठा मला फार बोलका वाटतो. प्रतीक्षाधीन प्रकरणांचा. म्हणजे आमचं काम झालंय, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतोय. माझ्या मते शिक्षण विभागातला निम्म्याहून जास्त उशीर या गठ्ठ्यात राहतो, आणि तिथे तो कुणाच्याच नावावर नसतो.

एक अनुभव सांगते. मुख्याध्यापिका म्हणून मी एकाहून अधिक जिल्हे पाहिले. हा कुठला, ते विचारू नका. शाळेची एक खोली धोकादायक झाली होती. मुलं बाहेर बसवली आणि खोली पाडण्यासाठी निर्लेखनाचा प्रस्ताव केला. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, केंद्र, तालुका, बांधकामचा अभियंता, मग जिल्हा परिषद. दोन पावसाळे गेले. प्रस्ताव तीनदा परत आला. पहिल्यांदा फोटोवर तारीख नव्हती. दुसऱ्यांदा एका ठरावावर जावक क्रमांक नव्हता. तिसऱ्यांदा पहिल्या फोटोंना वर्ष झालं म्हणून नवे मागितले! चिडून मी आवक-जावकच्या सगळ्या तारखा एका वहीत उतरवल्या. तेव्हा लक्षात आलं की त्या कागदावर सगळ्यांनी मिळून प्रत्यक्ष काम केलं असेल ते फार तर दोन दिवस. बाकी सगळा काळ तो कागद कुठल्या तरी टेबलावर नुसता पडून होता. आळशी त्यात कुणीच नव्हतं. प्रत्येकानं आपापलं काम वेळेत केलं होतं आणि खोली तशीच उभी होती.

त्या तालुक्यातल्या एका वरिष्ठ सहायक ताईंनी पुढे एवढंच केलं: प्रस्तावाला काय काय लागतं त्याची एका पानाची यादी केली आणि ती पहिल्याच टेबलावर, केंद्रातच तपासायची असं ठरवून घेतलं. जिल्ह्याला सापडणारी त्रुटी केंद्रात सापडू लागली. त्याला ना आदेश लागला, ना निधी. अशी माणसं आपल्याकडे आहेत, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

प्रकल्प व्यवस्थापन हा शब्द ऐकला की आपल्याला लॅपटॉपवरचे रंगीत तक्ते आठवतात. माझ्यापुरतं व्यवस्थापन म्हणजे उलटी मोजणी. जूनच्या मध्याला शाळा भरते आणि त्याच सुमारास पाऊसही येतो. म्हणजे छताची कौलं मे महिन्यात बदलून व्हायला हवीत. म्हणजे कार्यारंभ आदेश एप्रिलमध्ये, अंदाजपत्रक त्याच्याही आधी. आपलं आर्थिक वर्ष मात्र 31 मार्चला संपतं आणि खर्चाची घाई नेमकी परीक्षांच्या दिवसांत सुरू होते. ही दोन कॅलेंडरं एकमेकांशी जुळत नाहीत आणि ती बदलणं आपल्या हातात नाही. पण ती शेजारी शेजारी भिंतीवर लावणं तरी आपल्या हातात आहे ना?

माहितीबद्दल थोडंच बोलते, नाहीतर सभागृहात दंगल होईल. शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक आहे, पट ऑनलाइन भरलेला आहे. तरी ग्रुपवर निरोप येतोच: ‘आज दुपारी दोनपर्यंत पट एक्सेलमध्ये, माहिती निरंक असल्यास तसं कळवा.’ ज्यांनी तो कधी पाठवला असेल त्यांनी हात वर करू नयेत, पण आजच्या चर्चेत भाग घ्यावा.

आता एक लांबचं उदाहरण. अमेरिकेत शालेय जिल्हा ही स्वतंत्र कारभाराची संस्था असते. तिथल्या बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कारात 1999 पासून शिक्षणाचा विभाग आला, आणि 2001 साली हा पुरस्कार मिळालेल्यांत अलास्कातला चुगाच जिल्हा होता. तेव्हा विद्यार्थी 214, क्षेत्र 22,000 चौरस मैल. त्यांनी ‘हे असंच का?’ असं विचारत विचारत इयत्ताच काढून टाकल्या. मूल आपल्या गतीनं पुढे जातं. आपण ते उचलावं असं मी म्हणत नाही. आपल्या एका तालुक्यातच त्यांच्या कितीतरी पट मुलं आहेत. प्रश्न विचारण्याची त्यांची ती सवय मात्र घेण्यासारखी आहे.

आमच्या स्वागत समितीनं ती थोडी घेऊन पाहिली. पहिल्या बैठकीत ठरलं की नोंदणीची एक रांग, पिशवीची दुसरी, जेवणाच्या कूपनची तिसरी. एका तरुण शिक्षकानं विचारलं, कूपन कशाला? कुणालाच सांगता येईना. मागच्या वेळी होतं म्हणून! मग कूपन रद्द झालं आणि पिशवी नोंदणीच्याच टेबलावर आली. सकाळी आपण रांगेत कमी उभे राहिला असाल तर ते श्रेय त्या शिक्षकाचं.

स्वागताध्यक्षानं शेवटी उणंदुणं पोटात घालायची विनंती करायची असते. मी ती करणार नाही. दाराशी एक वही ठेवली आहे. पाणी नव्हतं, माईक खरखरला, खोलीची किल्ली मिळाली नाही, जे असेल ते तेव्हाच तारीख-वेळेसह लिहा. संध्याकाळी सहा वाजता समिती ती वही वाचायला बसणार आहे. जेवण एक वाजता आहे, कूपनाशिवाय.