माणूस कुठे नेला, ते सांगा



सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्यांचे हे अधिवेशन पुण्यात भरते आहे, तेव्हा १८९७च्या प्लेगला टाळून पुढे जाता येणार नाही. प्लेग अधिकारी रँडचा खून आपण शाळेत शिकतो. त्याआधीचे चार महिने आपल्याला कोणी शिकवत नाही, आणि आपल्या कामाचे तेच आहेत.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला, अवघ्या चार कलमांचा. सरकारला अधिकार भरपूर मिळाले. लोकांना काय सांगायचे, कोणी सांगायचे, याविषयी त्यात अक्षर नाही. मार्चमध्ये गोरे सोजीर पुण्याच्या वाड्यांत शिरले. माजघर पाहिले नाही, देवघर पाहिले नाही. आजारी माणूस इस्पितळात, घरची माणसे छावणीत, सामान रस्त्यावर. स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल पंडिता रमाबाईंना जाहीर पत्र लिहावे लागले.

रुग्ण वेगळा ठेवणे त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे चूक नव्हते, हे मी डॉक्टर म्हणून स्पष्ट सांगतो. तरी लोकांनी रुग्ण माळ्यावर, अडगळीत लपवले. का लपवले? एकदा नेलेला मुलगा परत दिसेल की नाही, हे त्याच्या आईला कोणी सांगत नव्हते. ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली, त्यामागेही हीच धास्ती होती. तिला अडाणीपणा म्हणणे मला कधीच पटलेले नाही.

त्याच पुण्याजवळ, त्याच दिवसांत, ससाणे मळ्यात डॉ. यशवंतराव फुल्यांचा दवाखाना चालू होता. सावित्रीबाई तिथे रुग्ण आणत. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक आजारी मुलगा त्यांनी पाठीवरून आणला. त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. त्यांच्या हाती ना कायदा होता ना शिपाई. वर्षानुवर्षे त्यांनी वस्त्यांत शिकवले होते, दुष्काळात अन्न पुरवले होते. म्हणून त्या दारात आल्या की घरच्यांनी मूल त्यांच्या स्वाधीन केले, असे मी मानतो. ही पत साथ आल्यावर उभी करता येत नाही.

सांगण्याआधी स्वतः करून दाखवणारे आणखीही होते. मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर टोचून घेतले, मग अनुयायी पुढे आले. टिळक सरकारवर सडकून टीका करत होते; पण शहर सोडून गेले नाहीत, आणि हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढण्यात पुढे झाले.

आता अलीकडचे. धारावीत १ एप्रिल २०२०ला पहिला कोविड रुग्ण सापडला. तिथे पालिकेच्या लोकांबरोबर गल्लोगल्ली फिरले ते वस्तीतले खासगी डॉक्टर, ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षे तापाचे औषध घेत आले होते. ओळखीच्या डॉक्टरला दार उघडले जाते. गावोगावी हेच काम आशा सेविकांनी केले. त्यांना आपण टाळ्या दिल्या, आणि जून २०२१मध्ये मानधनासाठी संप करायची वेळ आणली. याची लाज आपल्या व्यवसायाला वाटली पाहिजे. लोकांचा विश्वास ज्या बाईच्या पायावर उभा आहे, तिचा पगार हा साथनियंत्रणाचाच खर्च आहे.

कोविडमध्येही वॉर्डाबाहेर नातेवाईक तासन्‌तास ताटकळत होते. आत आपला माणूस कसा आहे, हे विचारायला खिडकी नव्हती. सव्वाशे वर्षांनी तोच प्रश्न! म्हणून उद्याच्या खुल्या सत्रात मी स्वतः एक ठराव मांडणार आहे. साथीत रुग्ण घरातून हलवला की तो कुठे आहे, हे त्याच दिवशी घरी कळवायचे. रोज एकदा त्याची खबर द्यायची, वाईट असली तरी. आणि हे काम ज्याच्याकडे, त्याचे नाव व फोन नंबर गावच्या चावडीवर आणि वॉर्ड कार्यालयात आधीपासून लावलेला हवा. ठरावाचा मसुदा आपल्या पिशवीत आहे. दुरुस्त्या आज रात्रीपर्यंत कार्यवाहांकडे द्याव्यात.